आधी माप, मग कात्री

मैत्रिणींनो, या वेळच्या टपालात नेहमीची पत्रं होतीच. लोणच्यावर बुरशी का धरते, पैठणीवरचा तेलाचा डाग कसा घालवावा, नव्या सुनेला भाकरी थापता येत नाही तर काय करावं. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात सविस्तर देते. आज मात्र एकाच पत्राला सगळी जागा द्यायची आहे, कारण त्या पत्रानं मला दोन रात्री झोप लागू दिली नाही.

पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. त्या लिहितात, ‘ताई, माझी मुलगी विद्यापीठात डिजिटल माध्यमांच्या प्रयोगशाळेत शिकते. पंधरा दिवसांत तिला प्रकल्पाचा प्रस्ताव द्यायचा आहे. दोनदा दिला, दोनदा परत आला. पोरगी जेवत नाही, रात्रभर संगणकापुढे बसून असते. मी दहावीपर्यंत शिकलेली. हे म्हणतात, तुला त्यातलं काय कळतं, तू गप्प बस. मी खरंच गप्प बसू का?’

आता तुम्ही म्हणाल, हा काही घरसंसाराचा प्रश्न नव्हे. अहो, कसा नव्हे? घरातलं लेकरू जेवत नाही, म्हणजे प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलाच की! आणि दुसरं म्हणजे, हे सगळं मी स्वतः भोगलेलं आहे. दीड वर्षापूर्वी माझी धाकटी याच गाळात रुतली होती. ती त्यातून कशी निघाली ते सांगते. त्यातच बाईंचं उत्तर आहे.

आधी दोन शब्द या प्रयोगशाळेविषयी. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, काचेच्या नळ्या आणि स्टोव्हवर उकळणारी रसायनं असतील. तसं काही नसतं. चित्र, आवाज, फोन, संगणक, लहानसहान यंत्रं यांच्या मदतीनं माणसापर्यंत एखादी गोष्ट पोचवायची कशी, हे तिथं शिकवतात. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतःचं काहीतरी करून दाखवायचं असतं. पण करण्याआधी ‘मी हे करणार, अमक्यासाठी करणार, असं करणार’ हे कागदावर लिहून मान्य करून घ्यायचं. त्यालाच प्रस्ताव म्हणतात. आपण नाही का, घरात रंग काढायच्या आधी खर्चाचा अंदाज ह्यांच्यापुढे ठेवतो? तसंच.

धाकटीचा पहिला प्रस्ताव होता आजीच्या हातच्या पदार्थांच्या ॲपचा. सरांनी विचारलं, ‘हे कुणासाठी?’ ती म्हणाली, ‘सगळ्यांसाठी.’ सर म्हणाले, ‘सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठीच नाही.’ प्रस्ताव परत.

दुसरा प्रस्ताव, डोळ्यांवर चष्मा चढवला की गावचं देऊळ घरबसल्या दिसावं. सर म्हणाले, ‘देवळात जायला कुणाला अडचण आहे, त्यांना विचारलंस का?’ हिनं कुणालाच विचारलं नव्हतं. परत.

तिसरा मात्र मनापासूनचा होता. आमचं सासर केंदूरचं, शिरूर तालुक्यातलं. शिरूर, आंबेगाव, जुन्नर या भागात उसात बिबटे असतात, हे तुम्ही वाचलं असेल. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची येते आणि मोटर सुरू करायला माणसाला अंधारात विहिरीवर जावं लागतं. घरची बाई दारात जीव मुठीत धरून उभी. तर फोनवरून मोटर चालू करायची सोय करावी, असं हिनं लिहिलं. सरांनी दुकानातल्या अशाच यंत्राचा फोटो दाखवला. मोबाईल स्टार्टर म्हणून ते केव्हाच विकायला आलेलं होतं, आमच्या दिरांच्या मोटरीलासुद्धा! हिला ठाऊकच नव्हतं. तिसराही परत, आणि आता हातात उरले होते नऊ दिवस.

त्या रात्री ती ह्यांना म्हणाली, ‘बाबा, तयार प्रकल्प विकत मिळतात. अठरा हजार पडतात. प्रस्तावापासून अहवालापर्यंत सगळं देतात. वर्गातल्या दोघांनी घेतलाय.’

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. वाटलं, आता चढ्या आवाजात काहीतरी ऐकायला मिळणार. पण हे म्हणाले, ‘देऊन टाकू. वर्ष तरी वाचेल.’

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू? मीसुद्धा उठून तांदळाच्या डब्यातली पुरचुंडी काढली. मोजले, साडेअकरा हजार भरले. बाकीचे हे घालणार होते. पोरीचा चेहरा इतका उतरलेला होता की खरंखोटं मला सुचेना. पण पैसे मोजून झाल्यावर ती पुरचुंडी हिच्या हातात द्यायला काही माझा हात उचलेना. हिला दुसरीत असताना मी पट्टीनं मारलं होतं. का, तर शेजारच्या मुलीची चित्रकलेची वही स्वतःची म्हणून दाखवली. तेव्हा मारलं आणि आता पैसे देऊ? मी म्हटलं, ‘सोमवारी बघू. उद्या शनिवार आहे, आत्याबाईंना भेटून येऊ.’

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. केंदूरला दिरांच्या घराशेजारी स्वतंत्र चूल मांडून राहतात. दोन गाई आहेत, आणि त्या दोन गाई आत्याबाईंच्या एकटीच्या आहेत. दुधाचा पैसा त्यांचा. त्यातून नातवंडांना दिवाळीला ओवाळणी घालतात, कुणापुढे हात पसरत नाहीत. याचं मोल तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

शिक्रापूरला उतरून पाबळच्या बाजूला निघालं की केंदूर येतं. पावसानं हात आखडता घेतलेला हा मुलूख. पण गाव जुनं. संत कान्होराज पाठकांचं हे गाव. आणि इतिहास शिकलेल्यांना ते आणखी एका कारणानं ठाऊक असतं. बदामीचा चालुक्य राजा कीर्तिवर्मा दुसरा याचा शके ६७२ चा, म्हणजे इ. स. ७५० चा ताम्रपट केंदूरच्या नावानं ओळखला जातो. पावणेतेराशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरलेली अक्षरं विद्वानांनी वाचली आणि छापली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

रविवारी पहाटे आत्याबाई दूध घेऊन डेअरीवर निघाल्या. धाकटीला म्हटलं, तूही जा, सोबत होईल. तासाभरानं दोघी परत आल्या तेव्हा हिच्या हातात एक कागदाची चिठ्ठी होती. डेअरीत दूध यंत्राखाली धरतात आणि पावती निघते. लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय, रक्कम किती. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश आणि पाणी सोडून दुधात उरतं ते सारं, प्रथिनं, साखर, क्षार. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही प्रत धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो.

हिनं पावती वाचून दाखवली. फॅट ३.८, एसएनएफ ८.४. आत्याबाई म्हणाल्या, ‘म्हंजी पावणेचारच्या वर हाय की. मला तर कालबी साडेतीनच सांगितलं.’

‘कोण सांगतं तुला?’

‘जो हुबा आसंल तो. येखादं पोरगं, येखादा चहा पिणारा. घाईत आसत्यात लोकं. कवा खरं सांगत्यात, कवा कायबी.’

मग त्यांनी देवळीतला पत्र्याचा डबा काढला. त्यात वर्षभराच्या पावत्या तारेत ओवून ठेवलेल्या. ‘ह्या समद्या वाच, मला हिशेब सांग.’ धाकटीनं गठ्ठा उलगडला आणि बघतच राहिली. वरच्या दहा-वीस सोडल्या तर खाली सगळे कोरे कागद! त्या पावत्या शाईनं छापत नाहीत, उष्णतेनं छापतात. काही महिन्यांत अक्षर उडून जातं. ज्या गावच्या ताम्रपटाचं अक्षर पावणेतेराशे वर्षं टिकलं, तिथल्या एका बाईचा दुधाचा हिशेब सहा महिनेसुद्धा टिकला नव्हता. आणि आत्याबाई ते कोरे कागद देवळीत जपून ठेवत होत्या, कारण कागद कोरा झालाय हे कळायलासुद्धा अक्षराकडे बघायची सवय लागते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी निघाली. आदल्या वर्षी त्यांच्या थोरल्या गाईला कासेचा दाह झाला होता. डॉक्टर आले तोवर उशीर झाला, एक सड कायमचा गेला. तेव्हाच्या पावत्यांचा फोटो पुतण्याच्या फोनमध्ये योगायोगानं राहिला होता. धाकटीनं तो शोधला. आठ दिवस एसएनएफ रोज थोडा थोडा उतरत होता. ८.४, ८.२, ८.१. कास दुखू लागली की दुधाची प्रत अशी घसरते. बाकीही कारणं असतात, पण बघावं एवढी खूण तरी मिळते. खूण रोज छापून हातात येत होती, आणि जिची गाय तिलाच ती कळत नव्हती.

धाकटी एकदम उठली. ‘आजी, मी तुला ॲप करून देते!’

आत्याबाईंनी कनवटीचा फोन काढून तिच्यापुढे धरला. बटणांचा, चिकटपट्टी लावलेला. ‘ह्यात घालशील?’

पोरगी मट्कन खाली बसली. मी म्हटलं, ‘हे बघ, ब्लाउज शिवताना मी आधी काय करते? कापड कितीही भारी असो, आधी माप घेते. तू तिन्ही वेळा कात्री आधी चालवलीस. आता कात्री ठेव, टेप हातात घे. आजीला विचार.’

त्यानंतर दोन तास ती विचारत होती आणि आत्याबाई शेंगा फोडता फोडता सांगत होत्या. मी चहा करून दिला, एवढंच माझं काम.

दुपारी आम्ही पाबळला गेलो, जवळच आहे. पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. मला मुलीला दुसरंच काही दाखवायचं होतं. तिथं विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची पीएच.डी. करून आलेले शास्त्रज्ञ. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून ते आणि त्यांच्या पत्नी मीराताई या दुष्काळी गावात येऊन राहिले आणि १९८३ साली त्यांनी हे काम सुरू केलं. शाळेत नापास म्हणून बाहेर पडलेल्या मुलांना हातानं काम करत करत विज्ञान शिकवायचं, ही त्यांची धारणा. तिथल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात मुलगे काय आणि मुली काय, सगळे सगळं शिकतात. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, जनावरं, आणि स्वयंपाक, शिवण, रक्त तपासणंसुद्धा. मुलगे चिक्की करतात आणि मुली वेल्डिंगचा चष्मा लावतात. हे वाचून काही सासवांच्या भुवया वर जातील, जाऊ द्यात.

आता याचा डिजिटल प्रयोगशाळेशी काय संबंध? सांगते. अमेरिकेत एमआयटी नावाचं नामांकित विद्यापीठ आहे. तिथं १९८५ साली मीडिया लॅब सुरू झाली. तिथले प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ साली एक वर्ग काढला. त्याचं नाव, ‘जवळजवळ काहीही कसं बनवावं’. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्याला हवी असलेली एक वस्तू ठरवायची आणि यंत्रांवर स्वतः बनवायची. केली डॉब्सन या विद्यार्थिनीनं काय बनवलं असेल? छातीशी धरायची एक पिशवी. तिच्यात तोंड घालून मनसोक्त किंचाळायचं. बाहेर आवाज येत नाही, किंचाळी आत साठवली जाते आणि नंतर सोयीच्या जागी मोकळी सोडता येते. मी हे जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘एक मला, एक तुला, आणि दिवाळीच्या आत पाठवा म्हणावं!’ मीजिन यून या दुसऱ्या बाईंनी एक पोशाख केला. कुणी फार अंगलट येऊ लागला की त्यावरच्या तारा साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या राहतात. गर्दीच्या बसमध्ये उभ्या राहणाऱ्या बाईला हा प्रकल्प कुणासाठी, हे समजावून सांगायला नको.

हसण्यावारी नेऊ नका. दोघींनीही ‘सगळ्यांसाठी’ काही केलं नव्हतं. एका माणसाची एक नेमकी अडचण पकडली होती.

याच गर्शेनफेल्ड यांनी पुढे गावोगावी अशा कार्यशाळा काढायला मदत केली. त्यांना फॅब लॅब म्हणतात. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या मोजक्या लॅबांपैकी एक २००२ साली कुठं निघाली? मुंबईत नाही, बंगळुरात नाही. पाबळला, विज्ञान आश्रमात! कारण तिथं प्रश्न तयार होते आणि हात कामाला सरावलेले होते. दुसऱ्या वर्षी कालबाग वारले, पण काम चालू राहिलं. आज जगात अशा लॅब शेकड्यांनी आहेत. या आश्रमाच्याच पुढाकारानं अनेक शाळांत आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम शिकतात आणि गावातली कामं करून देतात. म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रकल्प गावाच्या गरजेतून निघावा, हे आमच्या केंदूरच्या शेजारी चाळीस वर्षं चालू आहे, आणि माझी लेक पुण्यात विषय शोधत रडत होती.

संध्याकाळी परत आल्यावर तिनं पहिला मसुदा लिहिला. मी म्हटलं, ‘आधी मराठीत लिही आणि आजीला वाचून दाखव. तिला कळलं तर सरांना कळेल.’ तिनं वाचलं. डेअरीच्या संगणकातला आकडा घेऊन दूध घातल्याबरोबर तिथंच एक पेटी मोठ्यानं बोलून सांगेल, असं काहीतरी होतं.

आत्याबाईंनी पहिल्याच वाक्याला हात वर केला. ‘रांगंत मोठ्यानं? चारचौघांत माझ्या दुधाचा पंचनामा? नगं बया.’

हे कुठल्या पुस्तकात मिळालं असतं सांगा! मग ठरलं, पेटी नको. घरी आल्यावर, धारा-पाण्याची आवराआवर झाल्यावर, आठ वाजता त्यांच्या त्या साध्या फोनवरच फोन यावा आणि आकडा सांगावा. आधी लिटर सांगू का? ‘लिटर मला ठावं हाय, माझाच मापा हाय. फॅट सांग, एसएनएफ सांग, आन कालच्यापरीस कमी का जास्त त्ये सांग. पैसं मागनं सांग.’

मग आवाज. हिनं संगणकाचा तयार आवाज ऐकवला. ‘तीन पूर्णांक आठ दशांश.’ आत्याबाई म्हणाल्या, ‘ही कंची मास्तरीण? आमच्यात आसं न्हाई बोलत.’ डेअरीवर कुणी पूर्णांक म्हणत नाही. ‘तीन-आठ’ म्हणतात, ‘साडेतीन’ म्हणतात. शेवटी धाकटीनं स्वतःच्या आवाजात लागणारे सगळे आकडे तसेच बोलून भरायचं ठरवलं.

मला त्या वेळी जात्यावरच्या ओव्या आठवल्या. आपल्या आज्या-पणज्यांना लिहिता येत नव्हतं, पण सासर-माहेर, सुखदुःख सगळं त्यांनी आवाजात जपून ठेवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी कित्येक वर्षं खपून गावोगावच्या बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला मिळतात आणि अनेक ओव्या त्या बायकांच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. ज्यांच्या हाती पाटी आली नाही, त्यांच्याशी आवाजानंच बोलावं, हे त्या बायकांनीच आपल्याला शिकवलं आहे.

सोमवारी ती सरांकडे गेली. सरांनी कागद वाचला आणि एकच म्हटलं, ‘यंत्र करण्याआधी आठ दिवस यंत्राशिवाय करून दाखव.’ म्हणजे कसं? तर पुतण्यानं वाडीतल्या सात बायकांच्या पावत्यांचे फोटो सकाळी पाठवायचे आणि हिनं पुण्याहून स्वतः एकेकीला फोन करून आकडे सांगायचे. आठ दिवस ही सहाला उठत होती. हो, नऊ वाजेपर्यंत लोळणारी माझी लेक! तिसऱ्या दिवशी कळलं की दोघींना आठ वाजता फोन उचलता येत नाही, त्या तेव्हा मजुरीला निघालेल्या असतात. पाचव्या दिवशी कळलं की एकीचा फोन तिच्या मुलाच्या खिशात असतो, तिच्याकडे नसतोच. तिच्यासाठी काय करायचं हे अजूनही सुटलेलं नाही, आणि तसं तिनं अहवालात सरळ लिहिलं. यंत्र आधी केलं असतं तर हे सगळं खर्च झाल्यावर कळलं असतं.

प्रस्ताव मंजूर झाला. बारा आठवडे, सात बायका, अंदाजे चार हजार खर्च, डेअरीचं लेखी संमतिपत्र. तांदळाच्या डब्यातली पुरचुंडी डब्यातच राहिली. ह्यांनी त्यावर काही म्हटलं नाही, पण फोनच्या खर्चाचे पैसे गुपचूप हिच्या खात्यात भरले, ते मला बँकेच्या निरोपावरून कळलं.

प्रकल्पानं काही जग बदललं नाही. एकदा फोननं सांगितलं, एसएनएफ ‘आठ-दोन’, कालच्यापेक्षा कमी. धाकटी घाबरून आजीला फोन करते तर आत्याबाई शांत. ‘हिरवा मका संपला, म्हनून उतरलं. कास मी रोज बघती. त्ये मला गाईच्या तोंडावरनं कळतंय गं.’ हिचा आवाजच बसला. म्हणजे माझं यंत्र कशाला, असं वाटलं असणार. पण आत्याबाई पुढे म्हणाल्या, ‘पर आता हिशेबाच्या दिवशी माज्याकडं माजा आकडा आस्तोय. कुनाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई.’

एवढंच. मला वाटतं, एवढं पुष्कळ झालं.

परीक्षा झाली, मार्क मिळाले, आणि एका सकाळी फोन बंद पडले. आत्याबाईंचा निरोप आला, ‘बया का बोलंना?’ फोनचे पैसे संपले होते आणि पुढे कोण भरणार हे कुणी लिहिलंच नव्हतं. तेवढं एक माप घ्यायचं राहून गेलं होतं. महिनाभर बंद राहिलं. मग वाडीच्या बचत गटानं महिन्याची वर्गणी काढली आणि पुतण्यानं देखरेख अंगावर घेतली. गट चालवील तोवर चालेल.

तर पत्र लिहिणाऱ्या बाई, तुम्ही गप्प बसू नका. तुमच्या मुलीला संगणक येतो, तुम्हाला माणसं येतात. तिला जेवायला वाढा आणि वाढता वाढता हे प्रश्न विचारा. कात्रण कापून फळीवर चिकटवलं तरी चालेल.

१. हे कुणासाठी? ‘महिला’, ‘शेतकरी’ असं नको, एका जिवंत माणसाचं नाव सांग.

२. ते माणूस आज हे काम कसं भागवतं? जाऊन पाहिलंस का, की मनानंच ठरवलंस?

३. बाजारात हे आधीच मिळतं का? मिळत असेल तर त्यात त्याची अडचण काय?

४. यंत्राशिवाय आठ दिवस करून पाहिलंस का?

५. किती दिवस, किती पैसे, कुणाकुणाची परवानगी?

६. जमलं की फसलं, हे कशावरून ठरवणार?

७. परीक्षा संपल्यावर हे कोण चालवणार, आणि पैसे कुठून येणार?

आणि एक आठवा प्रश्न, तो तुमच्या स्वतःसाठी. घरात कुणी ‘पैसे देऊन विकत घेऊ’ म्हणालं, तर तुमचा हातही माझ्यासारखा डब्याकडे जाईल. जाऊ द्या, आईचा हात आहे. फक्त पुरचुंडी सोडण्याआधी मुलीला घेऊन दोन दिवस गावी जाऊन या. आजी असेल तर आजीकडे, नसेल तर शेजारच्या मावशीकडे. पाटा-वरवंट्यापासून पेन्शनच्या रांगेपर्यंत, आपल्या बायकांच्या अडचणी संपलेल्या नाहीत. विषयाला तोटा नाही, विचारणाऱ्याला तोटा आहे.

तुमच्या आसपास अशी एखादी अडचण असेल, जी एखाद्या विद्यार्थिनीनं हाती घ्यावी असं तुम्हाला वाटतं, तर मला जरूर कळवा. पोस्टकार्डावर मावेल एवढीच लिहा. मावली नाही, तर माप अजून नीट घेतलेलं नाही असं समजा.

पुढच्या अंकात लोणच्याची बुरशी, पैठणीवरचा डाग आणि नव्या सुनेची भाकरी. त्या सुनेच्या सासूबाईंना तोवर एवढंच सांगते, पीठ मळायला तिला स्वतःला द्या आणि तुम्ही जरा बाजूला बसा.